पंचहौदाचा चहा आणि आपले दोन दाखले



मनमाडहून नाशिककडे निघालेली गाडी लासलगाव सोडून पुढे गेली की निफाड येते. द्राक्षांचे आणि उसाचे गाव म्हणून आपण ते ओळखतो. १८ जानेवारी १८४२ रोजी याच निफाडला महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला. न्यायमूर्ती, अर्थशास्त्राचे अभ्यासक, प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असे कितीतरी मोठेपण त्यांच्या नावापुढे लावता येते. पण आज मला त्यांच्या आयुष्यातील ज्या प्रसंगाबद्दल लिहायचे आहे, त्यात त्यांच्यावर ढोंगीपणाचा आरोप झाला होता. आरोप करणारे सगळेच त्यांचे शत्रू नव्हते. काही तर त्यांच्या अगदी जवळचे होते.

प्रश्न असा आहे. हेतू चांगला असेल, त्यातून दहा जणांचे भले होणार असेल, तर माणसाने मनात एक आणि वागण्यात एक असे राहिले तर चालेल का? प्रश्न पुस्तकी वाटेल, पण तो आपल्या घरापर्यंत कसा येतो ते पुढे दिसेल.

ऑक्टोबर १८९० मधली गोष्ट. पुण्याच्या गुरुवार पेठेत पंचहौद मिशन होते. पवित्र नाम देवालयाचा तो उंच मनोरा आजही तिथे उभा आहे. हे मिशन आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नव्हे, अँग्लिकन पंथाचे. तिथे एका सभेच्या निमित्ताने पुण्यातील प्रतिष्ठित मंडळींना बोलावणे गेले. बोलावणे करणारे होते गोपाळराव जोशी, म्हणजे अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या आनंदीबाईंचे पती. न्यायमूर्ती रानडे आले, लोकमान्य टिळक आले, गोपाळ कृष्ण गोखले आले. भाषण झाले आणि मिशनच्या मंडळींनी चहा-बिस्किटे पुढे केली. काहींनी चहा घेतला, काहींनी समोरच्याचा मान राखायचा म्हणून पेला नुसता हातात धरला आणि बाजूला ठेवला. थोड्याच दिवसांत ‘पुणे वैभव’ या सनातनी पत्रात आलेल्यांची नावे छापून आली. ती नावे गोपाळरावांनीच पुरवली असे सर्वत्र सांगितले जाते. सुधारक म्हणवणारे लोक वेळ आली की काय करतात, हे त्यांना बघायचे होते. माणूस खोडकर खरा, पण त्याने मांडलेली परीक्षा खोटी नव्हती.

पुण्यात गहजब झाला. ख्रिस्ती माणसाच्या हातचा चहा! प्रकरण शंकराचार्यांकडे गेले, चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले, ग्रामण्य सुरू झाले. ग्रामण्य हा शब्द आजच्या तरुणांना ठाऊक नसेल. ज्याच्यावर ग्रामण्य, त्याच्या घरी कोणी जेवायला येत नाही, त्याच्या मुलांशी सोयरीक करत नाही, श्राद्धाला भटजी मिळत नाही, मुंजीला मिळत नाही, सासरी असलेल्या लेकीला माहेरी पाठवत नाहीत. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतले असल्याचे सांगितले, तरी त्यांनाही घरच्या कार्याला भिक्षुक मिळण्याची पंचाईत झाली. हा त्रास कोर्टात जाणाऱ्या पुरुषापेक्षा घरात राहणाऱ्या बाईला अधिक, आणि तिच्याही पेक्षा सासरी अडकलेल्या मुलीला अधिक.

दीड-एक वर्ष असे गेले. मग १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. स्वतःला जाच होत होता म्हणून नव्हे. ग्रामण्यात सापडलेल्या स्नेह्यांची घरे फार अडचणीत आली होती. तुम्ही घेतले तर आम्हांलाही घेता येईल, आमची सुटका होईल, अशी त्यांची विनवणी होती. रानडे तयार झाले. पत्नी रमाबाईंना हे रुचले नाही. त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या, त्या १९१० साली प्रसिद्ध झाल्या, तेव्हा रानडे जाऊन नऊ वर्षे झाली होती. नवऱ्याला देवासारखे मानणाऱ्या या बाईने ती नाराजी आपल्या पुस्तकात झाकली नाही. मला ही गोष्ट विशेष वाटते.

आता विचार करू. प्रायश्चित्त म्हणजे काय? ‘माझ्या हातून पाप घडले, त्याची शुद्धी व्हावी’ हे कृतीने सांगणे. ख्रिस्ती माणसाच्या हातचा चहा पिणे पाप आहे असे रानड्यांना मुळीच वाटत नव्हते. म्हणजे त्यांनी जे केले ते तोंडाने नव्हे, पण देहाने बोललेले असत्य होते. आणि ते बोलले गेले मित्रांच्या दयेपोटी, समाजात फूट पडू नये या हेतूने. याला ढोंग म्हणायचे का?

ढोंग हा शब्द आपण फार सैल वापरतो. शुभवर्तमानात प्रभू येशू परूशी आणि शास्त्री यांना ढोंगी म्हणतो, तिथे मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे नाटकातला नट. मुखवटा लावून दुसऱ्याचे सोंग वठवणारा. संत थॉमस अक्वायनस यांनी यावर बारकाईने लिहिले आहे. आपले पाप लोकांपासून झाकणारा माणूस तेवढ्याने ढोंगी होत नाही, असे ते म्हणतात. सत्य न सांगणे वेगळे आणि असत्य सांगणे वेगळे, तसेच कृतीतही गप्प राहणे वेगळे आणि सोंग करणे वेगळे. दारू वाईट असे मुलाला सांगणारा आणि स्वतः ती न सुटणारा बाप दुबळा असेल, ढोंगी असेलच असे नाही. तो जे सांगतो ते त्याला खरेच पटलेले असते. आपल्या मराठीत मात्र दोघांनाही एकाच काठीने बडवायची पद्धत आहे.

रानड्यांच्याच आयुष्यात हा दुसरा प्रकारही सापडतो. विधवांचे विवाह व्हावेत म्हणून ते झटत होते. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली. ते एकतीस वर्षांचे होते. आता हे स्वतः विधवेशी लग्न करतील असे साऱ्यांना वाटले. वडिलांनाही तीच धास्ती होती. त्यांनी घाई करून अकरा वर्षांच्या मुलीशी त्यांचे लग्न लावून दिले. वडिलांपुढे रानड्यांचे काही चालले नाही. बाहेर हसे झाले. त्या अकरा वर्षांच्या मुलीला त्यांनी शिकवले, आणि तीच पुढे पुण्याच्या सेवासदनची रमाबाई रानडे झाली. हा कमकुवतपणा होता, आणि त्याची किंमत एका लहान मुलीच्या आयुष्याशी निगडित होती, म्हणून तो क्षुल्लक म्हणता येत नाही. पण ते ढोंग नव्हते. बालविवाह चांगला असे दाखवायला ते काही त्या बोहल्यावर उभे राहिले नाहीत. १८९२ चे प्रायश्चित्त मात्र निराळे. तिथे एक विधी होता, त्या विधीला एक अर्थ होता, आणि तो अर्थ करणाऱ्याला मान्य नव्हता.

रानड्यांच्या बाजूने जे म्हणता येईल ते पूर्ण जोराने म्हटले पाहिजे. समाज ही एक लांब रांग आहे, पुढचा फार पुढे गेला की मागच्याला तो दिसत नाही, मग तो मागचाच राहतो, अशी त्यांची धारणा होती. जुन्याशी नाते न तोडता नवे आणायचे. जातीबाहेर पडलेला सुधारक जातीला काय सुधारणार? आगरकरांचा पिंड याच्या उलट होता. पटेल ते बोलायचे, बोलेल तसे वागायचे, मग जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा निघालेली पाहायची वेळ आली तरी बेहत्तर. आणि पुण्याच्या लोकांनी त्यांची तशी प्रेतयात्रा खरोखर काढली. पण आगरकर होणे हे एकट्या माणसाला परवडते. रानड्यांच्या मागे दहा-पंधरा घरे अडकली होती. त्या घरांतल्या लेकीसुनांनी न्यायमूर्तींच्या तत्त्वनिष्ठेची किंमत का मोजावी? हा युक्तिवाद मला सहज बाजूला सारता येत नाही.

हाच प्रसंग आपल्या पवित्र शास्त्रात घडून गेला आहे, आणि तोही जेवणाच्या पंक्तीवरून. गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढून वाचा. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय ख्रिस्ती बांधवांबरोबर एका पंक्तीला बसून जेवत असे. मग यरुशलेमेहून याकोबाकडची काही यहुदी मंडळी आली. पेत्र हळूहळू त्या पंक्तीतून उठू लागला, वेगळा बसू लागला. त्याचे बघून इतर यहुदी ख्रिस्तीही उठले, बर्णबासुद्धा उठला. पौलाने सगळ्यांसमक्ष पेत्राला तोंडावर दोष दिला. आणि त्या वागण्याला पौलाने जो शब्द वापरला तो तोच आहे, ढोंग.

पेत्राचा हेतू वाईट होता का? भीती होती असे पौल लिहितो. पण ज्याच्याकडे यहुद्यांमधले कार्य सोपवलेले, त्याला यहुद्यांचा विश्वास टिकवायचा असणार, नव्या मंडळीत फूट नको असणार. रानड्यांची आणि पेत्राची भाषा एकच झाली असती. पौलाचे उत्तर मात्र नेमके आहे. तू उठलास म्हणजे नुसता तूच उठला नाहीस, ज्या परराष्ट्रीय भावाच्या शेजारून उठलास त्याला तू काहीतरी सांगितलेस. तू अशुद्ध आहेस, माझ्याबरोबर बसायचे तर आधी आमच्यासारखा हो, असे सांगितलेस. पेत्राच्या मनात काय होते ते त्या भावाला दिसत नाही. त्याला रिकामी झालेली जागा दिसते.

पुढे या उताऱ्यावरून आपल्याच दोन संतांमध्ये वाद झाला. पेत्र आणि पौल यांच्यासारखे थोर प्रेषित असे भांडतील हे संत जेरोम यांना पटेना. त्यांनी अर्थ लावला की हे भांडण ठरवून केले होते. लोकांना धडा मिळावा म्हणून दोघांनी रचलेले उपयुक्त नाटक. संत ऑगस्टीन आफ्रिकेतून लिहू लागले, हा अर्थ धोक्याचा आहे. चांगल्या कामासाठी केलेले एक खोटे जरी पवित्र शास्त्रात मान्य केले, तर मग कोणत्या ओळीवर विश्वास ठेवायचा? जी ओळ जड वाटेल ती ‘उपयुक्त खोटे’ म्हणून कोणीही बाजूला टाकील. त्या काळची टपाल व्यवस्था अशी, की पत्रे वर्षानुवर्षे वाटेत राहिली, भलत्यांनी आधी वाचली, आणि बेथलेहेमातले वृद्ध जेरोम चांगलेच रागावले. (संतांनाही राग येतो हे वाचून मला सेमिनरीत असताना मोठा दिलासा मिळाला होता.) पुढे सुमारे ४२० साली ऑगस्टीन यांच्यापुढे असाच प्रश्न पुन्हा आला. स्पेनमधले एका पाखंडी पंथाचे लोक आपली मते लपवून ख्रिस्तसभेत वावरत. त्यांना पकडण्यासाठी आपल्यातल्या काहींनी त्या पंथाचे असल्याचे सोंग घ्यावे का? ऑगस्टीन यांनी यावर एक अख्खे पुस्तक लिहून नाही म्हटले. खोटे मोडायला आपण खोटे वापरले, तर जिंकले ते खोटेच.

मला ऑगस्टीन बरोबर वाटतात. पण पौलाचेच वागणे पाहिले तर गोष्ट इतकी सरळ नाही. याच पौलाने तीमथ्याची सुंता करवली, यहुद्यांमध्ये काम करताना अडचण नको म्हणून. आणि याच पौलाने तीताची सुंता होऊ दिली नाही. विधी एकच. पण तीमथ्याच्या वेळी तो विधी कोणावर लादलेला नव्हता. तीताच्या वेळी काही लोक सांगत होते, सुंतेवाचून तारण नाही. तेव्हा ती करून घेणे म्हणजे त्यांचे म्हणणे खरे असल्याची सही देणे झाले असते. म्हणजे केवळ कृती पाहून भागत नाही. त्या जागी, त्या दिवशी, पाहणाऱ्यांना ती कृती काय सांगते हे पाहावे लागते.

जुन्या करारात दोन माणसे अशी आहेत की त्यांना शेजारी बसवून वाचावे. पहिला एलाजार, मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातला. नव्वद वर्षांचा नामवंत शास्त्री. राजा अंत्युखाच्या छळात त्याला डुकराचे मांस खायला लावत होते. अधिकारी त्याचे जुने ओळखीचे होते. त्यांनी त्याला बाजूला घेऊन सुचवले, तुला चालणारे मांस तूच घरून आण, ते खा, आणि राजाच्या हुकुमाचे खाल्ले असे फक्त भासव. लक्षात घ्या, यात नियमशास्त्राचा एकही नियम मोडत नव्हता. एलाजार नाही म्हणाला आणि मेला. त्याचे कारण खाण्याचे नव्हते. नव्वदाव्या वर्षी एलाजार परधर्मात गेला असे तरुणांना वाटेल, उरलेल्या चार दिवसांसाठी मी त्यांना चकवू का, हे त्याचे कारण होते.

दुसरा नामान, २ राजे, पाचवा अध्याय. अरामाचा सेनापती, कुष्ठरोगातून बरा झालेला. त्याने अलीशाला सांगितले की यापुढे मी इस्राएलाच्या देवाखेरीज कोणाला भजणार नाही. पण एक अडचण आहे. माझा राजा रिम्मोनाच्या देवळात जातो तेव्हा माझ्या हातावर टेकतो, आणि मला त्याच्याबरोबर वाकावे लागते. एवढ्याची क्षमा असावी. अलीशाने त्याला रागावले नाही, शाबासकीही दिली नाही. शांतीने निरोप दिला.

एकाला ते जमले नाही, दुसऱ्याला मोकळीक मिळाली. का? मला दोन फरक दिसतात. एलाजाराकडे बघून लोक आपला धर्म ठरवत होते. नामानाकडे बघून कोणी काही ठरवत नव्हते, तो राजाचा चाकर म्हणून वाकत होता. आणि दुसरे, नामानाने आपले दुखणे आधीच उघडे केले होते. चांगल्या हेतूचे वेष्टन त्याने त्याला घातले नाही. हे बरोबर आहे असे तो म्हणाला नाही, याची क्षमा असावी असे म्हणाला.

या मापाने रानड्यांकडे पाहिले तर मला वाटते, त्यांची जागा एलाजाराची होती आणि ते नामानासारखे वागले. मित्रांची घरे सुटली हे खरे. पण त्या प्रायश्चित्ताने आणखी एक गोष्ट सिद्ध झाली, की माणसाने कोणाच्या हातचा चहा घ्यावा हे ठरवण्याचा आणि चुकल्यास शिक्षा देण्याचा अधिकार शास्त्रीमंडळींना आहे. हायकोर्टाच्या न्यायमूर्तिपदापर्यंत पुढच्याच वर्षी पोहोचणाऱ्या माणसाने त्या अधिकारापुढे मान तुकवली. आणि त्या सगळ्या प्रकरणात एका माणसाचा विचार कोणी केल्याचे मला आढळत नाही. तो म्हणजे ज्याच्या हातचा चहा विटाळाचा ठरला तो. अंत्युखियातला तो रिकाम्या जागेशेजारी बसलेला भाऊ. एवढे असूनही रानडे थोर होते. १९४३ साली त्यांच्या जयंतीला पुण्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जे व्याख्यान दिले, त्यात त्यांच्या थोरवीविषयी आदरच आहे. आणि बाबासाहेब कोणाला उगाच मोठे म्हणणारे नव्हते.

जाता जाता धोंडो केशव कर्व्यांचा दाखला सांगतो. १८९३ साली त्यांनी स्वतः विधवेशी विवाह केला आणि बहिष्कार सोसला. पुढे विधवांसाठी आश्रम काढला, तेव्हा तिथे पुनर्विवाहाचा प्रचार करायचा नाही असे धोरण ठेवले, नाहीतर आईबापांनी मुली पाठवल्याच नसत्या. ढोंग झाले का हे? नाही. त्यांचे लग्न साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक होते. ते गप्प राहिले, सोंग केले नाही. चांगल्या कामासाठी किती वाकता येते याची हद्द पाहायची असेल तर मला ती इथे दिसते.

आणि आता आपल्या घरची गोष्ट. कोणाच्या घरची ते मी लिहिणार नाही, लिहिण्याची गरजही नाही. नाशिक आणि नगर जिल्ह्यांत अशी शेकडो घरे आहेत जिथे मुलाची दोन नावे आहेत. एक स्नानसंस्काराच्या नोंदवहीत आणि दुसरे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर. एका कागदावर ख्रिस्ती, दुसऱ्यावर हिंदू महार किंवा हिंदू मांग. रविवारी मिस्सा, सोमवारी तहसील कचेरी. हे का होते ते आपण सगळे जाणतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना ठेवला. १९५६ साली शिखांना तो मिळाला, १९९० साली बौद्धांना. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. आपल्या राज्यात अनुसूचित जातीतून आलेल्या ख्रिस्ती लोकांना ओबीसीत जागा आहे, पण अनुसूचित जातीच्या जागा आणि सवलती नाहीत, अ‍ॅट्रॉसिटीच्या कायद्याचे संरक्षण नाही. गावात मात्र पाटलाच्या आळीतून जाताना कोणी विचारत नाही की तुझा स्नानसंस्कार झाला आहे का. वागणूक जुनीच मिळते.

२६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीतील एका महिलेच्या प्रकरणात निकाल दिला. ती चर्चमध्ये नियमित जाते, ख्रिस्ती धर्म पाळते आणि नोकरीसाठी हिंदू म्हणून दाखला मागते, हे न्यायालयाला मान्य झाले नाही. केवळ आरक्षणासाठी असे करणे ही संविधानाची फसवणूक आहे, असे न्यायालय म्हणाले. हा निकाल वाचून आपल्याकडच्या कितीतरी आईबापांच्या पोटात गोळा आला असेल.

त्यांना ढोंगी म्हणायला माझी जीभ वळत नाही. ज्याच्या मुलाची शिष्यवृत्ती एका रकान्यावर अवलंबून आहे, त्याच्या खांद्यावर राजाचा हात टेकलेला आहे, तो नामान आहे. मुखवटा त्याने हौसेने चढवलेला नाही. तो नसेल तर आत घेणार नाही असे सांगणारा दरवाजा दुसऱ्याच कोणीतरी उभा केला आहे.

आणि त्या दरवाज्याला एक खिळा आपणही ठोकला आहे, हे बोललेच पाहिजे. ख्रिस्ती धर्मात जातच नाही, मग अनुसूचित जातीचा दर्जा कशाला, असे सरकारी बाजूने वर्षानुवर्षे म्हटले जाते. हे त्यांना कोणी शिकवले? आपल्याच प्रवचनांनी. ख्रिस्तामध्ये ना यहुदी ना हेल्लेणी हे आपण वेदीवरून वाचतो, आणि लग्न जुळवताना मूळ कोणते ते विचारतो. तामिळनाडूत तर काही ठिकाणी दफनभूमीत भिंती घातल्या. भारताच्या कॅथलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले, त्यात ख्रिस्तसभेच्या आत अस्पृश्यता आहे हे मान्य केले आहे. तोवर आपण एक सुंदर गोष्ट चांगल्या हेतूने सांगत राहिलो जी अजून खरी झालेली नव्हती, आणि तिचा फटका आपल्यातल्या सर्वांत गरीब घरांना बसला. रकान्यात हिंदू लिहिणाऱ्या मजुरापेक्षा हे सोंग मला मोठे वाटते.

तरीही त्या रकान्याबद्दल मला एक सांगायचे आहे, आणि ते आपल्या शेजारच्या गावावरून. मनमाडहून दौंडच्या लाईनवर येवला लागते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी तिथल्या परिषदेत बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. १९५६ साली त्यांनी आणि लाखो लोकांनी नागपूरला बौद्ध धर्म स्वीकारला. त्यांनाही तोच पेच होता. बौद्ध लिहिले की केंद्राच्या सवलती जाणार. अनेकांनी कागदावर जुनेच ठेवले, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण फार मोठ्या संख्येने लोकांनी बौद्ध लिहिले. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या भागात अडीच हजारांच्या आसपास असलेले बौद्ध १९६१ च्या जनगणनेत सुमारे २७ लाख ९० हजार झाले. हा आकडा डोळ्याआड करता येण्यासारखा नव्हता. तरी केंद्राचा कायदा बदलायला १९९० उजाडावे लागले. मधल्या तीस-चौतीस वर्षांत ज्या मुलांचे नुकसान झाले ते झालेच. पण बदल मागताना ‘आम्ही आहोत’ असे म्हणायला माणसे होती, मोजलेली होती.

आपल्या दलित ख्रिस्ती बांधवांची याचिका सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे. न्या. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली धर्माची अट काढून टाकण्याची शिफारस केली. २०२२ साली न्या. के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. प्रत्येक वेळी पहिला प्रश्न हाच येतो, असे लोक आहेत किती? आणि आपले निम्मे लोक कागदावर नसतातच. एका घराला तारणारे सोंग साऱ्या समाजाची साक्ष काढून घेते. रानड्यांच्या प्रायश्चित्तात जे झाले तेच. दहा घरे सुटली आणि दंड करणाऱ्याचा हात बळकट झाला.

मग त्या बापाने काय करावे? मुलाचे नुकसान करून आकड्यात भर घालावी असे मी त्याला वेदीवरून सांगू शकत नाही. माझा पगार त्या रकान्यावर अवलंबून नाही, म्हणून तो धीर माझा नव्हे. पण ज्यांचे शिक्षण झाले, नोकरीतून निवृत्त झाले, पेन्शन लागली, मुले मार्गी लागली, आणि अजूनही जनगणनेच्या माणसाला दारात जुनेच उत्तर देतात, त्यांच्याबद्दल मला वेगळे वाटते. त्यांच्या हातावर आता कोणताही राजा टेकलेला नाही. तरुण त्यांच्याकडे बघतात. त्यांनी एलाजाराचा अध्याय एकदा वाचावा.

आणि एक व्यवहाराचे. जूनमध्ये प्रवेशाच्या दिवसांत काही जण चर्चच्या ऑफिसात येतात आणि पत्र मागतात, की हे कुटुंब आमच्या धर्मग्रामातले नाही, किंवा नोंदवहीतले नाव जरा बदलून द्या. असे पत्र मी देत नाही, देणारही नाही. नोंदवहीत जे आहे ते तसेच राहील. पण त्या घरातल्या मुलाला मी धर्मशिक्षणाच्या वर्गातून परत पाठवत नाही आणि प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या रांगेतून काढत नाही. दाखल्यावर काय लिहिले आहे हे मी त्याला विचारत नाही. आईबापांना मात्र विचारतो, की मुलगा मोठा झाल्यावर त्याची दोन नावे का आहेत हे तुम्ही त्याला सांगणार आहात का, आणि काय सांगणार आहात.